विषय: पेट्रोल टाकीच्या अस्तराचा संच सदोष निघाल्याबद्दल तक्रार व भरपाईची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

गेल्या वर्षी जून महिन्यात मी आपल्या कंपनीकडून पेट्रोल टाकीला आतून लावायच्या इपॉक्सी अस्तराचा संच मागवला. त्याची किंमत ₹4,850 होती व ती मी मागणी नोंदवतानाच भरली. डब्यावर आणि आपल्या जाहिरातीत दोन गोष्टी ठळक अक्षरांत छापल्या होत्या: हे अस्तर लोखंड, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक अशा तिन्ही प्रकारच्या टाक्यांना चालते, आणि ते ई-20 पेट्रोलला, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, पूर्णपणे टिकते. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या असून त्यामुळे माझ्या मोटरसायकलचे नुकसान झाले आहे. आपल्या ग्राहक सेवा केंद्राने माझी तोंडी तक्रार गंभीरपणे घेतली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी मोटरसायकल 2010 सालची डुकाटी मॉन्स्टर 696 आहे. भारतात या कंपनीच्या गाड्यांची अधिकृत विक्री पुण्यातील वितरकामार्फत होत असे, त्या काळातली ही गाडी. बरीच वर्षे ती एका सोसायटीच्या तळघरात धूळ खात उभी होती. ती विकत घेऊन मी घरीच पूर्ववत करायला घेतली. टायमिंग बेल्ट बदलले, डेस्मो व्हॉल्व्हच्या (स्प्रिंगऐवजी यांत्रिक दांडीनेच बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या) उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या अशा दोन्ही बाजूंच्या फटी तपासून घेतल्या, ब्रेकच्या फुगलेल्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीचे आवरण असलेल्या नळ्या बसवल्या. ही कामे मनाजोगती झाली. अडचण राहिली ती फक्त टाकीची.

या गाडीची टाकी पत्र्याची नसून नायलॉनची, म्हणजे पॉलिअमाइड प्लॅस्टिकची आहे. नायलॉन पाणी शोषते तसेच इथेनॉलही शोषते आणि फुगते, त्यामुळे टाकीचे माप बदलते. या टाक्यांबाबत अमेरिकेतील ग्राहकांना न्यायालयात जावे लागले होते, म्हणजे हा दोष या व्यवसायातल्या कोणालाही नवा नाही. भारतात फेब्रुवारी 2023 मध्ये ई-20 ची विक्री सुरू झाली आणि 2025 पर्यंत बहुतेक सर्व पंपांवर तेच मिळू लागले. 2010 साली बनलेल्या गाडीच्या मालकापुढे मग दोनच रस्ते उरतात: इथेनॉल नसलेले 100 ऑक्टेनचे महागडे पेट्रोल कायम भरत राहणे, किंवा नायलॉनचा आणि इथेनॉलचा संबंध येणार नाही असे अस्तर टाकीला आतून लावणे. आपला संच मी नेमका या दुसऱ्या कारणासाठी घेतला. मागणी नोंदवण्यापूर्वी टाकी नायलॉनची आहे, हे मी आपल्या प्रतिनिधींना ई-मेलने कळवले होते आणि "निश्चिंत राहा, चालेल" असे उत्तरही मिळाले होते. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

अस्तर लावताना मी आपल्या माहितीपत्रकातील प्रत्येक सूचना पाळली. पंपाचा जोड तळातून काढला, टाकी पूर्ण रिकामी केली, आणि शोषलेले पेट्रोल उडून जाऊन ती आक्रसावी म्हणून कित्येक आठवडे हवेशीर जागी उघडी ठेवली. नंतर ती धुऊन, ॲसिटोनने विसळून, कोरडी केली. संचातील राळ व हार्डनर (राळ कडक करणारे द्रव्य) वजनकाट्यावर मोजून मिसळले, टाकी सर्व बाजूंनी फिरवली आणि आपण सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ अस्तर सुकू दिले. बॅच क्रमांक व तारीख दिसेल अशी छायाचित्रे प्रत्येक टप्प्यावर काढली आहेत.

पावसाळ्यानंतर गाडी रस्त्यावर आली आणि सुरुवातीला उत्तम चालली. डिसेंबरात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर थ्रॉटल उघडले की इंजिन गचके देऊ लागले आणि एका वळणावर, मागून भरलेला ट्रक येत असताना, ते बंद पडले. पुढे काय घडू शकले असते याचे वर्णन मी करत नाही. उत्पादनातील दोष केवळ पैशांपुरता राहत नाही, एवढे आपण लक्षात घ्यावे.

घरी आणून टाकी गोधडीवर पालथी घातली आणि पंप बाहेर काढला, तेव्हा शोषनळीच्या जाळीवर पिवळसर, अर्धपारदर्शक पापुद्र्याचा थर घट्ट बसलेला दिसला. पंपासोबत टाकीच्या आतच असलेला फिल्टरही त्याच कचऱ्याने तुंबला होता. विजेरीच्या प्रकाशात आत पाहिले, तर अस्तराची पट्टीच्या पट्टी छताकडून सुटून खाली लोंबत होती. चिमट्याने मी दोन तुकडे बाहेर काढले. छताकडचा तुकडा कडक होता, नखाने ओरखडाही उठत नव्हता, पण त्याची नायलॉनकडची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती, म्हणजे तो टाकीला कधी चिकटलाच नव्हता. तळाचा तुकडा, जो सतत पेट्रोलमध्ये बुडालेला होता, बोटांत दाबला की डिंकासारखा चिकट लागत होता. हे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि आपण त्यांचे उत्तर वेगवेगळे द्यावे, अशी माझी अपेक्षा आहे. पहिला दोष सांगतो की हे अस्तर नायलॉनवर धरत नाही. दुसरा सांगतो की ते इथेनॉलला टिकत नाही.

आपल्या सेवा केंद्राने दूरध्वनीवर सांगितले की पृष्ठभाग नीट स्वच्छ न केल्याने किंवा मिश्रणाचे प्रमाण चुकल्याने असे होते. हा युक्तिवाद टिकणारा नाही. मिश्रणातले उरलेले अस्तर मी त्याच दिवशी लोखंडी पत्र्याच्या दोन तुकड्यांवर ओतून ठेवले होते आणि ते उत्तम कडक झाले होते, त्यामुळे प्रमाण चुकल्याचा प्रश्नच येत नाही. तक्रारीनंतर मी एक तुकडा पंपावरच्या नेहमीच्या ई-20 पेट्रोलच्या बरणीत आणि दुसरा इथेनॉल नसलेल्या 100 ऑक्टेन पेट्रोलच्या बरणीत, झाकणे घट्ट लावून ठेवला. ई-20 मधल्या तुकड्यावरचे अस्तर मऊ पडून कडांनी उचलले गेले, दुसरा तुकडा जसाच्या तसा आहे. दोन्ही बरण्या सीलबंद करून मी जपून ठेवल्या आहेत. एकाच मिश्रणाचे, एकाच दिवशी ओतलेले दोन तुकडे असे वेगळे वागत असतील, तर दोष लावणाऱ्याच्या हातात नसून डब्यातल्या मालात आहे, हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

नुकसान फिल्टरवर थांबलेले नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळण्यासाठी त्याच हवेत जास्त इंधन लागते. साध्या पेट्रोलला हवा व इंधनाचे प्रमाण 14.7 ला 1 असे असते, तर ई-20 ला ते साधारण 13.5 ला 1 होते. लॅम्बडा सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारे सेन्सर) ही भरपाई काही मर्यादेपर्यंत करतात, पण फिल्टर तुंबून दाबच पडला की त्यांचाही इलाज चालत नाही. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन तापते. 696 चे इंजिन हवेवर थंड होणारे आहे व त्याचा मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असल्याने त्याला वारा आधीच कमी मिळतो. मागच्या स्पार्क प्लगचे टोक पांढरे पडलेले मला आढळले. कॉम्प्रेशनची मोजणी सुदैवाने ठीक निघाली. पंप मात्र जाळी तुंबलेली असताना ओढत राहिल्याने आवाज करू लागला, म्हणून तो बदलावा लागला.

यावर आपल्याकडून लेखी उत्तर म्हणून काय आले, तर पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सवलतीचे कूपन. तेच अस्तर पुन्हा विकत घेऊन मी त्याचे काय करावे, हे मात्र त्यात लिहिलेले नव्हते.

माझ्या मागण्या अशा आहेत. संचाची पूर्ण किंमत परत करावी. पंप, फिल्टर, टाकीच्या आतील इंधननळ्या आणि इंजेक्टर साफ करून घेण्याचा खर्च, एकूण ₹38,600, पावत्यांनुसार द्यावा. टाकीतील उरलेले अस्तर नायलॉनला धक्का न लावता काढण्याची कोणती पद्धत आपणाकडे आहे, हे लेखी कळवावे, आणि तशी पद्धत नसेल तर टाकीची किंमतही भरून द्यावी. "ई-20 ला टिकते" हा दावा आपण कोणत्या चाचणीच्या आधारे छापला, त्या चाचणीतील इंधन आयएस 17021 या भारतीय मानकाप्रमाणे होते का, आणि नायलॉनवर चाचणी झाली होती का, याचा अहवाल मला मिळावा. असा अहवाल नसेल तर तो दावा डब्यावरून व जाहिरातीतून तत्काळ काढावा आणि याच बॅचचे डबे घेतलेल्या इतर ग्राहकांना कळवावे. या शेवटच्या मागणीवर मी तडजोड करणार नाही. जुन्या गाड्यांचे मालक ई-20 च्या धास्तीने आज असले संच घेत आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याची गाडी माझ्यापेक्षा वाईट जागी बंद पडू शकते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सदोष उत्पादनाच्या दायित्वाबद्दल आणि कलम 2(28) मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तोपर्यंत टाकी, पापुद्रे व दोन्ही बरण्या आहे त्या स्थितीत ठेवत आहे. आपल्या तांत्रिक विभागातील जाणकार व्यक्तीने आधी कळवून कोणत्याही रविवारी येऊन त्यांची तपासणी करावी; नमुने मात्र माझ्या लेखी संमतीशिवाय नेता येणार नाहीत.

कळावे,
आपला ग्राहक
(नाव, पत्ता व मागणी क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत)

सोबत: खरेदीची पावती, ई-मेलची प्रत, छायाचित्रे, दुरुस्तीच्या पावत्या