कोणत्या जीआरनुसार? विद्यार्थी विनिमयाबाबत शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांच्या अल्पकालीन परदेश विनिमय भेटींसाठी स्वतंत्र शासन निर्णय काढण्याबाबत.

महोदय,

मी नाशिक शहरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील एका शाळेच्या निमंत्रणावरून आमच्या शाळेतील नववीचे काही विद्यार्थी यंदा एप्रिलअखेर दहा-बारा दिवस तिकडे राहून आले. ते तिथल्या कुटुंबांमध्ये राहिले, तिथल्या वर्गांत बसले, आणि त्यांच्यासोबत जाण्याची संधी मला मिळाली. परतल्यावर सत्कार झाला, छायाचित्रे छापून आली, सगळे यथासांग पार पडले; त्याविषयी आणखी लिहिण्यासारखे काही नाही. या विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी शेवटच्या आठवड्यापर्यंत जाते की राहते अशा अवस्थेत होती. त्या अवस्थेला कोणा एका व्यक्तीचा आकस नव्हे, तर एका शासन निर्णयाचा अभाव कारणीभूत होता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

निमंत्रण आदल्या पावसाळ्यातच आले होते. संस्थेचा ठराव, पालकांची संमतिपत्रे आणि यजमान शाळेचे पत्र जोडून आम्ही संबंधित कार्यालयात प्रस्ताव दाखल केला, तेव्हा पहिलाच प्रश्न आला : कोणत्या जीआरनुसार? विचारणाऱ्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, कारण ज्या विषयाला शासन निर्णय नाही त्यावर सही करून उद्या चौकशीला कोण सामोरे जाणार? आम्ही शोधले, त्यांनीही शोधले. परदेशातील उच्च शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्त्यांचे निर्णय निघाले, सहलींबाबतची परिपत्रके निघाली, पण अनुदानित शाळेतील चौदा वर्षांच्या मुलाला दहा दिवसांच्या विनिमयासाठी परवानगी कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या अटींवर द्यायची हे सांगणारा कागद ना आम्हाला सापडला ना त्यांना. मग फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून वरच्या कार्यालयात, तिथून ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी’ अशा शेऱ्यासह पुन्हा खाली, असे कागदी घोडे कित्येक महिने नाचत राहिले. ज्या खाजगी शाळा दरवर्षी पालकांकडून काही लाख रुपये घेऊन मुलांना परदेशात नेतात, त्यांच्या मुलांची वाट अशा टेबलांवर अडत नाही. म्हणजे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेतील मुलालाच शासनाच्या परवानगीवाचून खोळंबून राहावे लागते.

त्या मुलीच्या बाबतीत तर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणावीत असे झाले. तिचे कुटुंब पेठ तालुक्यातले. आईवडील छाटणीच्या हंगामात टोळीबरोबर दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत येतात आणि मुलगी शहरातल्या वसतिगृहात राहून शिकते. तिच्या जन्मदाखल्यावर आडनाव नाही, आधार कार्डावर वडिलांच्या नावातले एक अक्षर वेगळे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरेच. रजिस्टरमधील नाव दुरुस्त करायला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, तो पुन्हा एक स्वतंत्र प्रस्ताव. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांच्या सह्यांचे घोषणापत्र लागते आणि वडील तेव्हा कामाच्या शोधात जिल्ह्याबाहेर होते. शिवाय ज्या पालकांकडे स्वतःचा पासपोर्ट नसतो, त्यांच्या मुलांच्या वाट्याला पोलीस पडताळणी येते आणि पडताळणीला येणारा कर्मचारी वसतिगृहाच्या पत्त्यावर जाणार की पाड्यावरच्या, हाही प्रश्न उरतो. आईवडील नोकरदार असलेल्या तिच्या वर्गमित्राचा पासपोर्ट यांतले काहीही न घडता घरपोच आला.

हे नाशिकमध्ये घडते याचे मला विशेष वाटते. देशभरातील नागरिकांच्या हाती पडणारी पासपोर्टची पुस्तिका छापली जाते ती आमच्याच नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात.

व्हिसाची कथा त्या मानाने लहान. बारा वर्षांवरील मुलाला बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः केंद्रावर जावे लागते, म्हणून मुंबईची फेरी करावी लागली. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. परंतु शिक्षणाच्या हेतूने जाणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांना आणि त्यांच्यासोबतच्या शिक्षकांना शेंगेन व्हिसाचे (युरोपातील अनेक देशांच्या सामायिक व्हिसाचे) शुल्क माफ आहे, फक्त केंद्राचे सेवाशुल्क भरावे लागते, ही गोष्ट आम्हाला सांगायला कोणी नव्हते. प्रत्येक प्रवाशामागे ९० युरो ही आमच्यासारख्या शाळेसाठी लहान रक्कम नाही. अशी माहिती जिल्ह्याच्या ठिकाणी एका माणसाकडे असली तरी किती हेलपाटे वाचतील!

आता तिकडे काय घडले ते थोडक्यात सांगते, कारण ‘दहा दिवसांत मूल काय शिकणार’ हा प्रश्न मला शिक्षक-खोलीतही विचारला गेला आहे. एका संध्याकाळी यजमान कुटुंबाबरोबर आम्ही वाणसामान आणायला गेलो होतो. तिथल्या द्राक्षांच्या डबीवर मूळ देश म्हणून भारत असे छापलेले होते. यजमानांच्या मुलीने डबी सहज टोपलीत टाकली. आमच्या मुलीने ती पुन्हा बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि तोडक्या इंग्रजीत, उरलेले हातवाऱ्यांनी, सांगायला सुरुवात केली : घडातले मणी कात्रीने विरळ कसे करतात, एकेक घड जीएच्या (मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या) पाण्यात कसा बुडवतात, तिची आई दिवसाला किती ओळी उरकते. रात्री ब्रेड, चीज आणि काकडीच्या थंड जेवणावर (पोरीला ते शेवटपर्यंत जेवण वाटले नाही) त्या घरातल्या सगळ्यांनी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. मजुरी किती, फवारणीच्या वेळी तोंडाला काय बांधता, बागेच्या कामात शाळा बुडते का? तिने न लाजता, न फुगवता उत्तरे दिली. वर्गात मागच्या बाकावर बसणारी ही मुलगी सलग पाच वाक्ये बोललेली मी त्याआधी ऐकली नव्हती. निवड निव्वळ गुणांवर केली असती तर तिचा नंबर लागला नसता, हेही इथे नोंदवते.

महोदय, हे आपल्या विभागाला अनोळखी क्षेत्र नाही. मुंबई आणि बाडेन-व्युर्टेंबर्गची राजधानी स्टुटगार्ट यांचे भगिनी-शहरांचे नाते १९६८ पासूनचे आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला आणि त्याच्या अंमलबजावणीचे काम शालेय शिक्षण विभागाकडेच आले. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांना जर्मन शिकवून तिकडे पाठवण्यासाठी आपण शासन निर्णय काढू शकतो, तर त्याच राज्यातल्या शाळेत आपली मुले दहा दिवस पाठवण्यासाठी आणि त्यांची मुले आपल्याकडे आणण्यासाठी तो का काढता येऊ नये, हे मला खरोखर समजत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर जर्मन, जपानी, फ्रेंच यांसारख्या भाषा शिकण्याची सोय असावी असे म्हटले आहे; पण ती भाषा बोलणारा माणूसच भेटणार नसेल तर मुलांनी ती शिकायची कशाच्या ओढीने?

यजमान शाळेतील शिक्षिकेला आमच्यासारखी शोधाशोध करावी लागली नाही. जर्मनीत सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेअंतर्गत शाळांच्या परदेश विनिमयाचे काम पाहणारे स्वतंत्र कार्यालयच आहे. त्याहून बोलके उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचे आहे. तीन पिढ्या एकमेकांशी लढलेल्या या दोन देशांनी १९६३ मध्ये मैत्रीचा एलिझे करार केला आणि त्याच वर्षी तरुणांच्या देवाणघेवाणीसाठी दोघांचे मिळून एक कार्यालय उभे केले. आजवर लाखो मुलांनी त्याच्या मदतीने एकमेकांच्या घरी मुक्काम केला आहे. तिथे ही बाब हौसेची मानली गेली नाही, ती राज्यकारभाराचा भाग झाली.

शाळांची छपरे गळत असताना परदेशवाऱ्या कसल्या, असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. छपरांसाठी भांडणाऱ्यांत मीही आहे. परंतु कृषी विभाग शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांसाठी अनेक वर्षे अनुदान देत आला आहे आणि त्यासाठी बांध-बंदिस्तीची कामे थांबलेली नाहीत. पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या साहाय्याने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील मुलांची इस्रो आणि नासाच्या भेटीसाठी निवड केली, त्याचे मी मनापासून स्वागत करते. तरीही तो हुशार मुलांना दिलेला दौरा झाला. विनिमयात पाहुणा म्हणून जायचे असते आणि नंतर यजमान व्हायचे असते, त्यामुळे त्याला वेगळे नियम लागतात.

यजमान होण्याची बाजू तर अजिबातच कोणाच्या ध्यानात नाही. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे नोंदवावी लागते, हे आमच्या पालकांना कुठून माहीत असणार? वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्या पालकाने परदेशी मुलाला ठेवून घ्यायची तयारी दाखवली, तर त्याच्या मदतीला शाळेखेरीज कोणीतरी असायला हवे. येणाऱ्या मुलांना दाखवायला नाशिकमध्ये पुष्कळ आहे. पांडवलेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांपासून गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारापर्यंत काहीही चालेल, आणि मिसळीचा तिखटपणा तेवढा आधी सांगून ठेवावा लागेल.

तेव्हा माझी मागणी मर्यादित आहे. शासकीय, आश्रम आणि अनुदानित शाळांच्या अल्पकालीन विनिमयासाठी एक शासन निर्णय काढावा. परवानगीचा अधिकार जिल्हा स्तरावर देऊन त्यासाठी ३० दिवसांची मुदत घालावी आणि मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजावे. निवडीत गुणांखेरीज शिक्षकांच्या शिफारशीला आणि ज्यांच्या घरातून कोणीच परदेशी गेलेले नाही अशा मुलांना स्थान असावे. विमानाचे तिकीट हाच मोठा खर्च असतो, कारण राहणे-जेवणे यजमानांकडे असते. त्यापुरते अनुदान द्यावे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, त्यामुळे आश्रमशाळांबाबत दोन विभागांना एकत्र बसणे अवघड जाऊ नये. आणि पासपोर्टची फिरती व्हॅन वर्षातून एकदा पेठ, सुरगाणा, कळवण येथील शाळांपर्यंत यावी यासाठी आपण परराष्ट्र मंत्रालयाला पत्र लिहावे. नावांची दुरुस्ती आठवीतच उरकली, तर नववीत धावाधाव होणार नाही.

यजमान शाळेची मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे येणार आहेत आणि पुढच्या वर्षीच्या भेटीचे निमंत्रणही आले आहे. त्याचा प्रस्ताव आम्ही याच आठवड्यात दाखल करत आहोत. ‘कोणत्या जीआरनुसार’ या रकान्यासमोरची जागा तूर्त कोरी सोडली आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, नाशिक