गुडघा बदलला म्हणजे विषय संपला असं नसतं हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या सांधेरोपणावर लेख आलाय, तो आवडला, खर्च, फिजिओ, जिने कधी चढायचे, सगळं आहे त्यात. पण शेवटी एकदा ऑपरेशन झालं की पेशंटने ते विसरून जावं अशा अर्थाचं एक वाक्य आहे आणि माझा आक्षेप फक्त त्याच्यावर आहे. मी डॉक्टर नाही, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, पेशी हा माझा विषय, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

बहुतेक कृत्रिम सांध्यात एका बाजूला धातू असतो आणि दुसऱ्या बाजूला पॉलिइथिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. ते अखंड असेपर्यंत शरीराला त्याचं काही वाटत नाही. पण माणूस चालणार, धातू प्लॅस्टिकवर घासणार आणि त्याची भुकटी सुटणारच. जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा खुबा असेल तर एका पावलाला लाखांच्या घरात कण सुटतात असा अंदाज आहे, आणि त्यातले बरेचसे एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे साधारण बॅक्टेरियाच्या मापाचे. खरा घोळ इथेच आहे. आपल्यातल्या मॅक्रोफेज पेशींचं कामच बाहेरून आलेलं काही दिसलं की गिळायचं, तशा त्या हे कणही गिळतात. बॅक्टेरिया असता तर पचला असता, प्लॅस्टिक कसलं पचतंय, ते तोडणारं एन्झाइमच पेशीकडे नाही. मग ती पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन वगैरे रसायनं सोडून आजूबाजूला खबर देते, आणखी पेशी जमतात, आणि त्या सगळ्या गडबडीत हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी वाढतात, नवं हाड घालणाऱ्या पेशी मागे पडतात. जंतू नाही, ताप नाही, पू नाही, पण इम्प्लांटच्या कडेचं हाड हळूहळू पोखरलं जातं आणि भिंतीतला खिळा भोक मोठं झालं की हलायला लागतो तसा सांधा सैल होतो. आणि वाईट म्हणजे हे चालू असताना बरीच वर्षं दुखतच नाही!! पेशंट मजेत असतो. दुखायला लागतं तेव्हा बरंच हाड गेलेलं असू शकतं आणि मग दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड जातं.

हे काही काल-परवा कळलेलं नाही. आजच्या खुबारोपणाचे जनक मानले जातात ते इंग्लंडचे जॉन चार्नली, त्यांनी आधी सांध्यातल्या खोबणीसाठी टेफ्लॉनची (म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचीच) वाटी वापरली होती. दोन-तीन वर्षांतच ती झिजली आणि पेशंटच्या सांध्यात त्या भुकटीभोवती नको ती वाढ दिसायला लागली. मग या माणसाने काय करावं, टेफ्लॉनची आणि पॉलिइथिलीनची बारीक पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेतली! काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी होत्या, पॉलिइथिलीनचा त्रास त्यामानाने फारच कमी. गंमत म्हणजे पॉलिइथिलीनचा तुकडा पहिल्यांदा दाखवला तेव्हा चार्नलींनी तो नको म्हटलं होतं, पण त्यांचे टेक्निशियन हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो झीज मोजायच्या मशीनवर चढवून बघितला. १९६२च्या नोव्हेंबरपासून त्याचा वापर सुरू झाला आणि आजही आपण त्याच वाटेवर आहोत. पुढे कित्येक वर्षं हाड पोखरलं की दोष सांधा हाडात पक्का बसवायच्या सिमेंटवर जायचा, ‘सिमेंटचा रोग’ असं नावच पडलं होतं, मग बिनसिमेंटचे सांधे आले आणि त्यांच्याही कडेचं हाड जायला लागलं तेव्हा कुठे भुकटीकडे नीट लक्ष गेलं.

घाबरवायचा हेतू अजिबात नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे आतले धागे एकमेकांना जोडून घट्ट केलेलं प्लॅस्टिक आलंय, खुब्यात ते फारच कमी झिजतं. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले होते, २५ वर्षांनी गुडघ्याचे साधारण ८२ टक्के आणि खुब्याचे ५८ टक्के सांधे टिकलेले, आणि त्यातले बरेच जुन्या मालाचे. ज्यांना गरज आहे त्यांनी ऑपरेशन जरूर करावं. पण हे आकडे मिळाले कुठून, तर ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे तिथे प्रत्येक सांध्याची नोंद ठेवतात म्हणून.

आणि आपल्याकडे? एएसआर खुब्याचं प्रकरण आठवा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा सांधा, प्लॅस्टिक नाही, धातूवर धातू. तिथे सुटतात कोबाल्ट-क्रोमियमचे नॅनो आकाराचे कण. मॅक्रोफेजने ते गिळले की पेशीच्या आतल्या आम्लात त्यातून कोबाल्ट सुटतो आणि तो गिळणाऱ्या पेशीलाच मारतो, पेशी फुटली की कण पुन्हा मोकळे, पुढची पेशी गिळायला तयार. आसपासचे स्नायू मरतात, ट्यूमरसारख्या गाठी होतात आणि कोबाल्ट रक्तातही उतरतो. ऑस्ट्रेलियात तिथल्या रजिस्ट्रीत या सांध्याची जास्त रिव्हिजन्स, म्हणजे सांधा बदलायची पुन्हा ऑपरेशन्स, दिसली, २००९च्या डिसेंबरमध्ये तो तिथल्या बाजारातून गेला, जगभरातून परत मागवला २०१०च्या ऑगस्टमध्ये. भारतात साधारण ४,७०० ऑपरेशन्स झाली होती. केंद्राने नेमलेल्या समितीचा अहवाल आला २०१८ला, आणि त्यातल्या तीन हजारांहून जास्त पेशंटचा पत्ताच लागला नाही! म्हणजे कुणाच्या तरी आजीच्या नाहीतर काकांच्या खुब्यात तो सांधा असेल आणि घरात कुणाला माहीतही नसेल. लेखात याचा एका ओळीचाही उल्लेख नाही हे मला खरंच विचित्र वाटलं.

म्हणून विनंती अशी की पुढच्या एखाद्या रविवारी एवढं तरी छापा. ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या बॉक्सवरचे स्टिकर असतात, कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असलेले, ते हॉस्पिटलच्या पेपरात चिकटवतात, त्याची कॉपी मागून घ्या आणि घरच्या फाईलला लावा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘टीकेआर डन’ (म्हणजे गुडघा बदलला) असेल तर त्यातून उद्या काहीच कळणार नाही. दुखत नसलं तरी सर्जन सांगतील त्या अंतराने एक्सरे काढत राहा, जुने एक्सरे टाकू नका कारण हाड गेलंय की नाही हे जुना-नवा शेजारी ठेवूनच नीट दिसतं. धातूवर धातूचा खुबा असेल तर रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या टेस्टबद्दल सर्जनना विचारा. आणि ज्या डॉक्टरांचे फोटो तुम्ही लेखासोबत छापलेत त्यांना जरा विचारून बघा की दहा वर्षांपूर्वी सांधा बसवलेल्या पेशंटना ते स्वतःहून फोन करून बोलावतात का, त्याचं उत्तर छापलंत तर मी आणि माझ्यासारखे बरेच जण आवडीने वाचू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली