बाबा, तुमच्या औषधांच्या डब्याबद्दल

पुणे

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांच्या डब्याचा फोटो मोठा करून पाहिला. "यातली कोणती चालू करू?" या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: एकही नाही. ताप नाही, कफ नाही, नुसता घसा धरून कोरडा खोकला येतोय. असा खोकला बहुतेक वेळा व्हायरसचा असतो. व्हायरसवर अँटिबायोटिक काहीच करत नाही, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला तरी घाबरायचं कारण नसतं. मात्र ताप चढला, कफात रक्त दिसलं किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर तुमचा दमा लक्षात घेता त्याच दिवशी धंतोलीला डॉक्टरांकडे जा.

एवढंच फोनवर सांगितलं असतं तर "बरं बरं" म्हणून डबा पुन्हा कपाटात गेला असता. कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरी काढलेल्या माणसाला कारण कळल्याशिवाय पटत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि मी हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर हेच सांगत असते, म्हणून तुमच्यासाठी लिहूनच काढते.

डब्यात सगळ्यात जास्त पत्ते सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनचे आहेत. तिन्ही एकाच गटातल्या, फ्लुरोक्विनोलोन. जंतूला आपला डीएनए उलगडून नवी प्रत काढायला जे एन्झाइम लागतं, ते ही औषधं बंद पाडतात. मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, काही न्यूमोनिया, अशा ठिकाणी ती फार उपयोगी आहेत. पण साठीनंतर याच गटाला मी सर्वात जास्त घाबरते. टाचेच्या मागची जाड शीर सुजते, कधी तुटतेसुद्धा. वय साठच्या वर आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो, आणि दमा उसळला की तुमच्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होतातच. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 साली यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. 2018 मध्ये रक्तातली साखर एकदम खाली जाण्याबद्दल आणि डोक्याचा गोंधळ उडण्याबद्दलचा इशारा अधिक ठळक केला. आई, हे तुझ्यासाठी. तू साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेतेस, त्यावर ही गोळी पडली की साखर किती उतरेल याचा भरवसा नाही. घाम, थरथर, बरळणं, असं काही झालं तर लोकांना वाटतं तापाने होतंय.

आणखी एक. "गोळी गरम पडते" म्हणून बाबा सिप्रो दुधाबरोबर घेतात. दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं आणि औषध रक्तात नीट पोचतच नाही. आईची कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचं पांढरं औषध, दोघांचंही तेच. डॉक्टरांनी सिप्रो दिलीच तर ती यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर, साध्या पाण्याबरोबर.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड पेनिसिलिनच्या गटातलं. हे जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून हा गट त्यातल्या त्यात सौम्य. पुढे जंतूंनी पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम काढलं, त्याला अडवायला क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडलेलं असतं. दाताचा पू, सायनस यांसाठी देतात. जुलाब होतात, आणि वयस्कर पुरुषांना क्वचित कावीळ होते, तीही कधी कधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी, तेव्हा कोणाला गोळी आठवतही नाही. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, तर ती ॲलर्जी, थेट दवाखाना. सेफिक्झिमची रचना याच्या जवळची, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याने तेही विचारूनच घ्यायचं.

अझिथ्रोमायसिन तर कोरोनात अख्ख्या नागपूरने खाल्लं. नंतर ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं की दाखल रुग्णांना त्याचा काही फायदा झाला नाही. ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, आणि तीन दिवसांत गोळ्या संपल्या तरी औषध शरीरात बरेच दिवस राहतं. त्याचंच भावंड क्लॅरिथ्रोमायसिन तुमच्या कोलेस्टेरॉलच्या अटोर्व्हास्टॅटिनबरोबर घेतलं तर स्नायूंना इजा होऊ शकते.

डॉक्सिसायक्लिनबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. 2018 च्या पावसाळ्यात आपल्याकडे स्क्रब टायफस पसरला होता, आठवतं? गवतातली बारीक किड्याची पिल्लं चावतात, चावल्या जागी काळी खपली धरते, त्या आजारावर हेच औषध. काटोलला बागेत जाणाऱ्यांना पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना हे नक्की सांगायचं. पण गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. पेलाभर पाणी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ही गोळी चालू असताना आपल्या उन्हात तर त्वचा लगेच भाजते.

मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, आणि त्या दिवसांत दारू टाळायला सांगतात. बाबा, शनिवारच्या मंडळींचा विषय मी आईसमोर काढत नाहीये. जुलाबाला पहिलं औषध ओआरएसच, ही गोळी नाही.

आई, लघवीची जळजळ झाली की शेजारच्या काकूंची को-ट्रायमॉक्झाझोल घेऊन राहिलीस, ते बंद कर. तुझी बीपीची टेल्मिसार्टन आणि ती मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयावर जातं. आधी लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे जंतू कोणता ते कळतं, मग गोळी. नायट्रोफ्युरँटॉइन दिली तर लघवी गडद होईल, घाबरू नकोस. पण किडनी मंदावली असेल तर ती चालत नाही, म्हणून किडनीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घे. जेंटामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं कान आणि किडनी दोन्हींवर जातात, ती दवाखान्यातच बरी.

यातली लिव्होफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम अशी काही औषधं 2014 पासून शेड्यूल एच1 या सरकारी यादीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करायची असते. नाक्यावरचा तुमचा मित्र चिठ्ठीशिवाय देतो ही मेहेरबानी नाही. उरलेले पत्ते शेजाऱ्यांना वाटू नका. दिवाळीत मी आले की घेऊन जाईन, नाल्यात टाकू नका.

तोवर एक काम करा. दोघांच्या रोजच्या गोळ्यांची नावं आणि डोस एका कागदावर लिहा, कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते लाल शाईने, आणि तो कागद पाकिटात ठेवा. प्रत्येक डॉक्टरला आधी तो दाखवा. आईचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट मला पाठवा.

तुमची
मनू