बाबा, त्या कागदावर सही करू नका

ती. बाबांस व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या अपघातातल्या टेम्पोचे मालक पुन्हा येऊन गेले, या वेळी मामांना सोबत घेऊन, आणि ‘भरपाई मिळाली, आमची काही तक्रार नाही’ असा मजकूर टाइप केलेला स्टॅम्पपेपर बाबांच्या उशाशी ठेवून गेले, हे आईने काल फोनवर सांगितले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फोनवर बाबा विषय बदलतात. पत्र तरी शेवटपर्यंत वाचतील.

मी वकिलांशी बोलले आहे आणि सोलापुरातच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, हे नक्की केले आहे. वकीलपत्र घेऊन ते रविवारी घरी येतील. बाबा, तुम्हाला ‘कोर्टाची पायरी’ आवडत नाही, हे मला ठाऊक आहे आणि काकांच्या वाड्याच्या वेळी घराने काय सोसले, तेही आठवते. पण हे भांडण नव्हे. कोणत्याही वाहनाला तृतीय पक्षाचा, म्हणजे त्या वाहनामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, तो नेमका अशाच प्रसंगासाठी. त्या टेम्पोचा विमा आणि चालकाचा परवाना, दोन्ही चालू असल्याचे पोलिसांच्या कागदांवर आहे. भरपाई द्यायची ती विमा कंपनीने. ‘त्या पोराचा संसार मोडेल’ ही तुमची काळजी तुमच्या स्वभावाला शोभणारी आहे, पण त्याच्या घरातले भांडेसुद्धा विकले जाणार नाही. मामांनाही एवढेच सांगा. त्यांच्या शब्दाचा मान राखूनच सांगा, कारण त्यांनी आपल्यासाठी काय केले, हे मी विसरलेले नाही.

घाई अशासाठी की मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे, म्हणजे १ एप्रिल २०२२ पासून, अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. ‘पाय बरा होऊ दे, मग पाहू’ म्हणत थांबलो तर मुदत हातची जाईल. फिर्यादीची नक्कल आणि आसरा चौकातल्या जागेचा पंचनामा मिळवायचे काम वकिलांनी अंगावर घेतले आहे. तुम्हाला कुठेही जावे लागणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. बाबा, डॉक्टरांनी ‘कसे आहे?’ विचारले की तुम्ही ‘छान आहे’ म्हणता. डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात, आणि उद्या तोच केसपेपर न्यायाधिकरणासमोर जातो. नडगीत रॉड आहे, रात्री पोटरीत कळ येते, आईचा हात धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही. हे जसे आहे तसे सांगायचे. वाढवून एक शब्दही नको, पण लपवूनही नको. लहानपणी मला ताप आला की तुम्ही रात्रभर कपाळावर घड्या ठेवायचे आणि सकाळी डॉक्टरांना तापाचा प्रत्येक आकडा वेळेसकट सांगायचे. तसेच आता स्वतःच्या दुखण्याबद्दल सांगा ना, माझ्यासाठी.

आई, तुझ्याकडे कागदांचे काम. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिले, फिजिओथेरपीच्या पावत्या, सगळे त्या निळ्या पिशवीत राहू दे. रिक्षाचे भाडे, रात्री सोबतीला येणाऱ्या मावशींचा पगार, बाबांसाठी वेगळे आणलेले दूध-फळे, हा खर्चही मागता येतो, म्हणून रोजच्या रोज वहीत तारखेनिशी लिही. बाबा चादर कारखान्याचे हिशेब अजून लिहीत होते आणि ते काम आता थांबले आहे, याचा दाखला मालकांकडून मागवला आहे. बुडालेले उत्पन्न त्याशिवाय दाखवता येणार नाही. उपचार संपल्यावर पायात अधूपण राहिलेच तर त्याचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून घेऊ; तोवर त्याचा विचारही मनात आणू नकोस. अंगणातली स्कूटर गॅरेजला द्यायची नाही. पायठेवणीचा वाकलेला लोखंडी दांडा आणि उजव्या बाजूचा फुटलेला पत्रा जसा आहे तसाच राहू दे. त्या दिवशीची पँट धुवायला टाकू नकोस, पाहवत नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेव.

विमा कंपनीचा माणूस आला तर चहा द्या, वकिलांचा नंबर द्या, पण जबाब किंवा सही देऊ नका. पुढे लोकअदालतीत योग्य रकमेवर तडजोड होत असेल तर मीही नाही म्हणणार नाही. मात्र तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते, म्हणून आकडा वकिलांनीच पाहायचा.

पैशांचा विचार करू नका. मावशींचा पगार आणि फिजिओथेरपीचे पैसे मी परस्पर पाठवते आहे. कमोडची खुर्ची मंगळवारपर्यंत येईल. ती येईपर्यंत बाबांनी रात्री एकट्याने उठायचे नाही, आणि आईने त्यांना एकटीने उचलायचे नाही. तुझी कंबर गेली तर मी कुणाकडे पाहू? मला रोज तिथे असता येत नाही, याची रुखरुख आहेच. निदान या कागदांचा भार तरी तुमच्यावर पडू नये, एवढी माझी धडपड आहे.

शनिवारी मी हुतात्मा एक्सप्रेसने येते. जेवायला थांबू नका, बाबांच्या गोळ्या वेळेवर होऊ देत. तो स्टॅम्पपेपर फाडू नका, परतही देऊ नका. निळ्या पिशवीत ठेवा, वकिलांना तो पाहायचा आहे.

तुमची,
मनू