कंट्रोल-एस परत मिळवून देणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं भाऊ. नागपुरात तेवढ्यावर भागतं.

महालातल्या प्रेसमध्ये डीटीपी करण्यात माझी उमर गेली. पेजमेकर, कोरल, मग वर्ड. सॉफ्टवेअर बदलत गेलं, पण कंट्रोल-एस, कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड जागचे हलले नाहीत. वाक्य संपलं की बोटं सेव्ह दाबून मोकळी होतात. अशात वाचनालयाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. ती लिनक्सच्या सर्व्हरवर, सगळा कारभार टर्मिनलच्या काळ्या खिडकीतून, हुकूम टाइप करून. क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायच्या कामांची यादी, उघडावी तर व्हीआय हा फाईल बदलायचा जुना प्रोग्राम, म्हणजे एडिटर, समोर येणार, सवयीनं कंट्रोल-एस दाबावं तर स्क्रीन दगड होणार. कोणाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हिम शिकून घ्या ना काका." व्हिम म्हणजे त्याच व्हीआयचा सुधारलेला अवतार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कधीमधी एखादी नोटीस बदलायची, तेवढ्यासाठी या वयात बोटांना नवी बाराखडी काहून शिकवू?

तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, "कंट्रोल-क्यू दाबा." दगड झालेली स्क्रीन हलली आणि मधल्या वेळात बडवलेली सगळी अक्षरं धडाधड उमटली. मग कारण सांगितलंत. टर्मिनलला कंट्रोल-एस म्हणजे 'थांब' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू दे', आणि ही चाल टेलिप्रिंटरच्या जमान्यातली. कंट्रोल-सी तिथं चालता प्रोग्राम तोडतो, कंट्रोल-झेड त्याला बाजूला बसवतो. आपलं कट-कॉपी-पेस्ट १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या 'पार्क' नावाच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं, आणि झेड-एक्स-सी-व्ही ही शेजारशेजारची बटणं १९८३च्या अ‍ॅपल लिसा कॉम्प्युटरवर आली. बिल जॉय यांनी व्हीआय लिहायला घेतला तो १९७६ साली. त्याला माझ्या सवयी कुठून ठाऊक असणार! हे कळल्यावर माझा त्या एडिटरवरचा राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा तुमच्या नॅनो या दुसऱ्या, सोप्या एडिटरनं उतरवला. सर्व्हरवर नॅनोची ७.२ आवृत्ती होती. नेहमीची बटणं एका झटक्यात देणारा 'मॉडर्नबाइंडिंग्ज' हा पर्याय २०२४च्या ८.० मध्ये आला, म्हणून तुम्ही माझ्या होम फोल्डरातल्या नॅनोआरसी या सेटिंगच्या फाईलमध्ये एकेक ओळ हातानं लिहिलीत. एक्स म्हणजे कट, सी म्हणजे कॉपी, झेड म्हणजे अनडू, क्यू म्हणजे बाहेर. कॉपीची ओळ फक्त मुख्य खिडकीपुरती ठेवलीत, कारण नॅनो खाली काही विचारतो तेव्हा त्याच कंट्रोल-सीनं 'रद्द' म्हणता आलं पाहिजे. हा बारकावा मला मेलो तरी सुचला नसता. प्रत्येक ओळीवर मराठीत टीप आहे. टर्मिनलमध्ये तिच्या वेलांट्या इकडेतिकडे पळतात, पण वाचता येते.

क्रॉनटॅबही आता नॅनोतच उघडतो, कारण एडिटर नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कुठला एडिटर उघडायचा ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, तुम्ही नॅनो भरून ठेवलात. सिस्टिमच्या फाईलींसाठी 'सुडो नॅनो', म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं नॅनो चालवणं, न करता 'सुडोएडिट' वापरा, म्हणालात. तसं केलं की एडिटर माझ्याच नावानं चालतो आणि माझीच बटणं लागू राहतात. हे सांगितलं नसतं तर ऐन कामाच्या फाईलीत जुनी बटणं पुन्हा बोकांडी बसली असती.

आणि जे होत नाही तेही तुम्ही लपवलं नाही, याचे आभार वेगळे. नॅनोतली कॉपी नॅनोपुरतीच राहते, ब्राउझरमधला मजकूर आणायचा तर टर्मिनलचं कंट्रोल-शिफ्ट-व्ही लागतं. ती चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली आहे.

माझ्या लॅपटॉपवर नॅनो नवा होता, तिथं तुम्ही त्याला 'ई' या एका अक्षराचं टोपणनाव (लिंक) दिलंत. ई-नं सुरू होणाऱ्या नावानं हाक मारली की नॅनो ८ आपोआप नवी बटणं घेतो. बनवणाऱ्यांचं मला कौतुक वाटलं.

सर्व्हर नवा करायचं वाचनालयात चाललंय. तिथंही आठच्या पुढचा नॅनो आला तर तुमच्या ओळींची गरज उरणार नाही, पण फाईल मी पुसणार नाही. आल्यावर बघून घ्या. तर्री पोहे माझ्याकडून.

तुमचा,
महालातला डीटीपीवाला