हजार युरो की सान्ड्रा?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ऑफिसातल्या रेटिंगचं सांगितलंस. टीममधल्या आठही जणांनी वर्षभर मान मोडून काम केलं, तरी एकाला सगळ्यात खाली बसवायचंच, कारण टक्केवारी वरून ठरून आली आहे, आणि नाव मात्र तू लिहायचंस. तुझा आवाज ऐकून मला त्या वेळी काही सुचेना. नंतर एक सिनेमा सारखा आठवत राहिला. त्याबद्दल घाईघाईत बोलण्यापेक्षा लिहावं असं वाटलं.

'टू डेज, वन नाइट', २०१४चा, बेल्जियमचा. ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन या भावांनी केलेला. पोलादाच्या कारखान्यांवर जगलेल्या आणि ते बंद पडत गेल्यावर हलाखीत आलेल्या सरेन्गच्या परिसरात ते वाढले. आधी कामगार चळवळीवर माहितीपट केले, मग कथापटांकडे वळले. त्यामुळे कामगाराच्या घराचं दार कसं उघडतं, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे.

सान्ड्रा सोलर पॅनलच्या एका छोट्या कारखान्यात कामाला. नैराश्यामुळे बरेच दिवस रजेवर होती. तेवढ्यात मालकाच्या लक्षात येतं की थोडा ओव्हरटाइम दिला तर सतरा जणांचं काम सोळा जणांत भागतंय. मग तो कामगारांनाच विचारतो: प्रत्येकी हजार युरो बोनस हवा, की सान्ड्रा? बहुतेक जण बोनस म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी सान्ड्राची एक मैत्रीण तिला घेऊन मालकाला गाठते आणि सोमवारी पुन्हा, गुप्त मतदान घ्यायचं त्याच्याकडून कबूल करून घेते. आता शनिवार-रविवारात सान्ड्राला एकेकाच्या घरी जाऊन सांगायचं आहे की माझ्यासाठी तुझे हजार युरो सोड.

सिनेमाभर हेच चालतं. बेल दाबायची, तेच दोन-तीन शब्द पुन्हा बोलायचे, समोरच्याचं ऐकायचं, पुढच्या घरी जायचं. पार्श्वसंगीत नाही, गाडीतल्या रेडिओवर गाणी लागतात तेवढीच. कुणाच्या बायकोची नोकरी गेलेली, कुणाच्या मुलीचं शिक्षण चाललेलं. एक जण सुट्टीच्या दिवशी चोरून किराणा दुकानात राबतोय. प्रत्येकाचं खरं आहे गं, हेच जिवाला लागतं. तिमूर नावाचा एक जण मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवत असतो. सान्ड्रा विचारते आणि तो ढसाढसा रडायला लागतो. तो नवा असताना त्याच्या हातून पॅनल फुटलं होतं आणि सान्ड्राने ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. बोनसला मत दिल्याची त्याला तेव्हापासून लाज वाटतेय. सान्ड्रा झालेली मारियाँ कोतियार एवढी मोठी नटी, पण इथे सारखी बाटलीतून पाणी पिणारी, गोळ्या गिळणारी, पडलेल्या खांद्यांची बाई दिसते.

मालक खलनायक नाही. आशियातल्या कंपन्यांशी स्पर्धा आहे, माझाही नाइलाज आहे, असं तो शांतपणे सांगतो. मला राग त्याच्या प्रश्नाचा येतो. हजार युरो की सान्ड्रा, हा प्रश्न एकदा सोळा जणांच्या गळ्यात मारला की मालक मोकळा. पुढचं सगळं वैर त्या सोळा जणांत आणि सतराव्या बाईत. तुझ्यापुढचा रेटिंगचा तक्ता अगदी तसाच आहे. म्हणून मला तुझी काळजी वाटते, आणि जिचं किंवा ज्याचं नाव सगळ्यात खालच्या खान्यात पडेल त्याचीही.

शेवटी मतं आठ-आठ पडतात. निम्मे म्हणजे बहुमत नव्हे, सान्ड्रा हरते. मग मालक तिला आत बोलावून म्हणतो, तुला परत घेतो, थोड्या महिन्यांनी एका कंत्राटी कामगाराची मुदत वाढवणार नाही म्हणजे झालं. ती नाही म्हणते. नोकरी हातची जाऊ देते, पण दुसऱ्याच्या जागेवर बसत नाही. बाहेर येऊन नवऱ्याला फोन करते, आपण चांगले लढलो, असं सांगते, आणि खूश असते. जगभरच्या सिनेमांत भांडवलशाहीवर पुष्कळ भाषणं झाली असतील, मला हा नकार सगळ्यांत मोठा वाटतो.

केन लोच यांचा 'सॉरी वी मिस्ड यू' (२०१९) याच रांगेतला. न्यूकॅसलचा रिकी पार्सल पोचवतो. त्याला कुणी नोकर म्हणत नाही, तो म्हणे स्वतःचा धंदा करतो. व्हॅनच्या डिपॉझिटसाठी बायकोची गाडी विकतात, मग ती घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करायला बसने फिरते. त्याच्या हातातलं स्कॅनर यंत्र दोन मिनिटं गाडी सोडली की ठणाणा करतं. आपल्या सोसायटीत रोज येणाऱ्या मुलांकडे तो सिनेमा पाहिल्यावर मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

मुंबईचंही आलं आहे यात. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला २०२४ साली कानच्या चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हे बक्षीस मिळालं. त्यात छाया कदमने केलेली पार्वती हॉस्पिटलात स्वयंपाक करते. नवऱ्याच्या माघारी घराचे कागद तिच्याकडे नाहीत. टॉवर उठणार म्हणून तिला हुसकावतात, ती कोकणात गावी परतते. जाण्याआधी बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारते.

तू विचारशील, याने बदलतं काय? 'पॅरासाइट' या कोरियन सिनेमामागे पैसा तिथल्या सीजे या बड्या उद्योगसमूहाचाच होता. त्यातलं तळघरात पाणी शिरण्याचं दृश्य जगाने पाहिलं, बक्षिसं दिली, आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये सोलमध्ये तशाच अर्ध्या तळघरात एका घरातली माणसं खरोखर बुडून मेली. दार्देन बंधूंच्या 'रोझेटा'च्या (१९९९) नावाने बेल्जियममध्ये तरुणांच्या नोकऱ्यांची योजना आली, पण तिची तयारी आधीपासून होती, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. सिनेमा कायदा करत नाही. पण समोर ठेवलेला प्रश्नच खोटा असू शकतो, हे मला या सिनेमांनी शिकवलं.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही, घराचे हप्ते मलाही माहीत आहेत. पण लेखी कळव की माझ्या टीममध्ये त्या खान्यात बसणारं कुणी नाही, आणि आठही जणांचं काम त्यासोबत जोड. वरच्यांनी तरीही आग्रह धरला तर निर्णय त्यांच्या सहीने होऊ दे. तुझ्याच दर्जाच्या इतर टीम लीडना विचार, त्यांचीही झोप उडाली असेल. आमच्या बँकेत युनियन होती, कुणी एकटं पडत नसे. सान्ड्राच्या कारखान्यात ती दिसत नाही, तुमच्याकडेही नाही. तेव्हा निदान एकमेकांशी बोला.

सिनेमा दीड तासाचाच आहे. शनिवारी त्या सगळ्यांना घरी बोलाव आणि एकत्र बघा. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते, दहा-बारा जणांची पावभाजी सहज होईल. फक्त लोणी आणून ठेव.

तुझी,
आई