काळी पट्टी, पोपट आणि ‘अस्फाल्ट व्हेंचर’चे सात जण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत समुद्री चाच्यांवर दोन पानं आली होती. डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, पुरलेला खजिना आणि कापून काढायचा मुखवटा. माझ्या नातवाने तो कापला, रबर लावून दिवसभर घरात धुडगूस घातला. त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझी हरकत खालच्या चौकटीला आहे. तिथे हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याला ‘बादशहालाही न जुमानणारा दर्यावर्दी’ म्हटलं आहे. मी बोटीवर खलाशी म्हणून चढलो, सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून उतरलो. शेवटची बरीच वर्षं एडनच्या आखातातून ये-जा करण्यात गेली. त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

एव्हरीने १६९५ साली लुटलेलं ‘गंज-ए-सवाई’ जहाज औरंगजेबाचं होतं हे खरं, पण त्यावर औरंगजेब नव्हता. हज करून सुरतेला परतणारी माणसं होती, बायका होत्या. त्यांचं काय झालं ते मुघल इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवलंय. बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या. एव्हरी लूट घेऊन जो गायब झाला तो कायमचा. बादशहाचा राग सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांवर निघाला, त्यांना बेड्या पडल्या. पुढे लंडनला एव्हरीचे पाच साथीदार फासावर गेले. एवढं सगळं असताना आपल्या चौकटीत आली ती फक्त लुटीची पेटी. (आणि त्याच पानावर कान्होजी आंग्रे? दस्तक म्हणजे परवाना देऊन जकात वसूल करणारा मराठ्यांचा सरखेल आणि हा एव्हरी एका पंगतीत बसवायचे म्हणजे कमालच झाली. इंग्रजांनी बसवले, त्यांचं समजू शकतो.)

आता मी पाहिलेलं सांगतो. भरलेला टँकर पाण्यात खोल बसतो, वेग बारा-तेरा नॉट. चाच्यांची स्किफ म्हणजे दोन आउटबोर्ड इंजिनं लावलेली फायबरची होडी, ती आमच्या दुप्पट पळते. म्हणून आखात लागायच्या आधी रेलिंगभर काटेरी तारेची भेंडोळी बांधायची. कातडी हातमोजे घातले तरी मनगटं फाटायची आणि खारा वारा त्यात झोंबायचा. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून बुजगावणी उभी करायची, लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून. चाचे चढलेच तर सगळ्यांनी स्टिअरिंग गियरच्या खोलीत कोंडून घ्यायचं. तिथे पाणी, बिस्किटं, सॅटेलाइट फोन आणि एक बादली. बादली कशासाठी ते नव्या कॅडेटला दरवेळी सांगावं लागायचं.

बाब-अल-मंदेबला, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, येमेनी कोळ्यांच्या होड्या शेकड्याने असतात आणि बंदूक त्यांच्याकडेही असते. मग ओळखायचं कशावरून? शिडीवरून. टोकाला आकडे असलेली लांब शिडी मासे पकडायला लागत नाही. दुर्बीण डोळ्याला लावून मी माणसाचा चेहरा कधी पाहिला नाही, शिडीच शोधली. घरी यातलं काही सांगायचं नाही, ‘सुएझला पोचलो की फोन करतो’ एवढंच.

आम्ही सुटलो. ‘अस्फाल्ट व्हेंचर’वरचे सुटले नाहीत. सप्टेंबर २०१० मध्ये मोंबासाहून डर्बनकडे निघालेला हा डांबरवाहू टँकर सोमाली चाच्यांनी पकडला, पंधराही जण भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सोडलं, आठ जण सोडले आणि सात ठेवून घेतले. कारण त्याच सुमाराला आपल्या नौदलाने चार कारवायांत १२० चाचे पकडून मुंबईत आणले होते, त्यांना सोडा म्हणून ही माणसं अडकवली. नौदलाने केलं ते योग्यच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते सात जण परतले ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस. म्हणजे चार वर्षं. घरी आईबाप, बायका, पोरं. ‘आइसबर्ग-१’ जहाजावरचे खलाशीही मार्च २०१० ते डिसेंबर २०१२ असे पावणेतीन वर्षं अडकले होते.

सोमाली चाच्यांनाही आता गरिबांचा वाली करायची टूम निघाली आहे. परदेशी ट्रॉलरांनी त्यांचे मासे ओरबाडले हे खरं आहे. १९९१ नंतर तिथे सरकार म्हणावं असं काही उरलं नव्हतं, हेही खरं. पण २००५ ते २०१२ या काळात त्यांनी वसूल केलेली खंडणी जागतिक बँकेच्या अंदाजाने ३४ ते ४१ कोटी डॉलरच्या घरात जाते आणि त्यातला मोठा वाटा पैसा लावणाऱ्यांनी नेला, होडीतल्या पोराला त्यातला तुकडा. आणि मार खाल्ला तो भारतीय, फिलिपिनो, बांगलादेशी खलाशांनी, ज्यांचा त्या माशांशी काडीचा संबंध नव्हता. मांडवी-पोरबंदरच्या लाकडी गलबतांनाही त्यांनी सोडलं नाही. २०१७ मध्ये ‘अल कौसर’ पकडलं, त्यावर अकरा खलाशी होते. पश्चिम आफ्रिकेकडे तर जहाज तिथेच सोडून माणसंच उचलतात. डिसेंबर २०१९ मध्ये ‘ड्यूक’ टँकरवरून वीस भारतीय नेले, एकोणीस परत आले.

हे संपलंय असंही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावरून सतरा खलाशी सोडवले आणि ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. तुमच्याच पहिल्या पानावर तो फोटो होता.

तेव्हा एक विनंती. ओलीस खलाशाचा करार आणि पगार तो कैदेत असेपर्यंत चालू राहिला पाहिजे, असा नियम आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात डिसेंबर २०२० पासून लागू आहे. रत्नागिरी-रायगडातली पोरं मुंबईतल्या लहानसहान एजंटांकडे सह्या करून बोटीवर जातात. त्यांच्या नोकरीच्या करारात हे कलम असतं का, ते तुमच्या बातमीदाराने जाऊन बघावं. मी विचारलेल्या पाच-सहा पोरांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

आपला,
एक निवृत्त सारंग, जयगड (जि. रत्नागिरी)